फुगा बंद केलाय ना, मग परत फोटो कशाला?

सहा महिन्यांपूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटून मावशी दवाखान्यात आल्या होत्या. मांडीतून नळी घालून फुग्यात प्लॅटिनमच्या केसासारख्या तारांची वेटोळी भरली, म्हणजे कॉइलिंग. आता एमआर अँजिओग्राफीची, म्हणजे एमआरआय मशीनवर रक्तवाहिन्यांचा फोटो काढायची, तारीख दोनदा चुकल्यावर लेक त्यांना माझ्याकडे घेऊन आली. चिठ्ठी तांदळाच्या डब्यात सापडली म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग परत फोटो कशाला? आत काही राहिलंय का?"

हे जवळपास प्रत्येक घरातून विचारतात. मावशींना सांगितलं, कुणाला शंका आलीय असं नाही. रक्ताच्या दाबाने वेटोळी कधी कधी दबतात आणि फुग्याच्या तोंडाशी पुन्हा जागा होते. ते अंगाला जाणवत नाही, म्हणून बरं वाटत असतानाच बघायचं. जागा दिसली तरी बरेचदा नुसती नजर ठेवतात, काहींना पुन्हा उपचार लागतो. हे मी कुणापासून लपवत नाही.

"परत मांडीतून नळी?" नाही. एमआरआयमध्ये वाहतं रक्तच उजळ दिसतं, त्यामुळे पुष्कळदा सुईही टोचावी लागत नाही. शंका उरली तरच नळीची तपासणी. (फुग्याच्या तोंडाला चिमटा, म्हणजे क्लिप, बसवलेल्यांना बहुधा सीटी अँजिओ, म्हणजे सीटी स्कॅनवर तोच फोटो, सांगतात, कारण एमआरआयमध्ये क्लिपभोवती काळी सावली पडते.)

"आणि त्या मशीनच्या चुंबकाने तार ओढली तर?" प्लॅटिनमला चुंबक ओढत नाही. जुन्या काळच्या काही पोलादी क्लिपा मात्र खरंच धोक्याच्या होत्या, म्हणून अंगात असं काही बसवलेल्या कुणीही इम्प्लांट कार्ड, म्हणजे काय बसवलंय ते लिहिलेलं कार्ड, दाखवल्याशिवाय आत जाऊ नये. मावशींचं कार्ड लेकीने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जपलं होतं.

तरी मावशी गप्पच. हात गळ्याशी, मंगळसूत्रावर.

"त्या दिवशी शुद्धीवर आले तर गळा मोकळा. पिशवीत घालून यांच्या हातात दिलं होतं."

मी इतका वेळ तारांबद्दल बोलत होते! एमआरआयला दागिने काढावेच लागतात, आणि हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं. मी टेक्निशियनला विचारलं. साध्या काळ्या दोऱ्याला त्याची हरकत नव्हती.

तारखेला मावशींनी बाकावर बसून स्वतःच्या हातांनी दोरा बांधला, मग मंगळसूत्र काढून लेकीच्या मुठीत दिलं. अर्ध्या तासाने बाहेर आल्या. "पिठाच्या गिरणीत निजल्यासारखं वाटलं गं," म्हणाल्या आणि लेकीपुढे हात केला.