ॲप काढून टाकलं, तरी पैसे कापले जातात

बाबांनी एक रुपयाची ट्रायल घेतली, ॲप आवडलं नाही म्हणून काढून टाकलं, तरी दोनदा ४९९ रुपये गेले, असं तुम्ही लिहिलंय. ॲप गेलं, पण मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, राहिलं. त्या एका रुपयासाठी पिन टाकला, तेव्हाच पुढच्या कपातीलाही होकार गेला. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही, म्हणून बाबांना पत्ता लागला नाही. निदान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जुने मेसेज चाळा, बहुतेक जाहिरातींच्या गर्दीत सापडेल.

आधी बाबांच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडा, ते मँडेट रद्द करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, कस्टमर केअर काहीही सांगो. कार्डावर असेल तर हेच बँकेकडून होतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. मी एका ऑनलाइन क्लासचं मँडेट बंद करून निवांत बसलो होतो. करार वर्षाचा होता, तो मोडलाच नव्हता! उरलेल्या हप्त्यांसाठी तीन महिने त्यांचे फोन झेलले. म्हणून सदस्यत्व रद्द केल्याचा ईमेल कंपनीला वेगळा पाठवा आणि त्यातच परतावा मागा.

ॲपमध्ये रद्द करायचं बटणच सापडत नसेल, तर तेही ईमेलमध्ये लिहा. ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्राच्या डार्क पॅटर्न (ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणारी रचना) नियमावलीत अशा १३ क्लृप्त्या आहेत. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यातलीच: रद्द करणं किचकट करणं, पर्याय लपवणं, फुकट सेवेसाठी पैसे भरायचा तपशील सक्तीने घेणं. हा शब्द ईमेलमध्ये वापरला की उत्तराचा सूर बदलतो, असा माझा अनुभव.

दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीशी बोलून बऱ्याचदा मिटवतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तरी ९९८ रुपयांसाठी मी एवढ्यात तिकडे गेलो नसतो.

मँडेट रद्द करूनही पैसे कापले गेले, तर मात्र तक्रार बँकेकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तेव्हा तो स्क्रीनशॉटच कामी येईल.