जपमाळ खुंटीला, आणि चहाचा कप जमिनीवर

मावशी, आई ६१ वर्षांची, वारकरी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता दर आठवड्याला केमो चालू आहे. महिन्यापासून जप, हरिपाठ सगळं बंद. ‘त्याला माझंच घर सापडलं का?’ म्हणते. आत्या म्हणतात, श्रद्धा सुटली की औषध लागू पडत नाही. भजनी मंडळातल्या बायकाही हल्ली फिरकत नाहीत. तिला देवाकडे परत कसं वळवू?
– एक लेक, सोलापूर जिल्हा

बाळ,

तुझ्या चार पानांत विठ्ठल जागोजागी आहे. ‘परवा चहाचा कप दुसऱ्यांदा हातातून निसटला’ हे मात्र एकदाच, तेही शेवटी, जाता जाता. मी कपापासून सुरुवात करते.

दर आठवड्याच्या केमोत पुष्कळदा पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध असतं. त्याने हातापायांच्या टोकाच्या नसांना इजा होते. मुंग्या येतात, ब्लाउजचं हुक लागत नाही, कप सुटतो. मग जपमाळेचा मणी तरी बोटाला कसा कळणार? जन्मभर १०८ मोजत आलेली बाई चुकतमाकत जप करण्यापेक्षा माळ खुंटीला अडकवून मोकळी होईल. हा माझा नुसता तर्क आहे, चुकीचाही असेल. पण ‘जप का सोडलास?’ असं विचारण्याऐवजी ‘मणी लागतात का गं बोटांना?’ असं विचारून बघ. उत्तर काहीही येवो, पुढच्या केमोच्या आधी कपाचं डॉक्टरांना सांगायचंच. ते डोस कमी करतात, लांबवतात, कधी औषध बदलतात. ‘केमोत हे चालायचंच’ म्हणून अंगावर काढलं, तर बधिरपणा नंतरही रेंगाळतो.

थकव्याचंही तसंच. केमोचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. अंगणात चार फेऱ्या मारल्या तर उलट थोडं बरं वाटतं. मळमळ, तोंड येणं, रात्रभर टक्क जागं राहणं, हे सगळं तारीख घालून वहीत लिही. पोटात ढवळत असताना चित्त कुठून थाऱ्यावर राहणार? लंडनच्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६०च्या दशकातच सांगितलं होतं की कॅन्सरचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं असं एकात एक गुंतलेलं असतं. यातलं शरीराचं टोक आपल्या हाती लवकर लागतं, म्हणून आधी ते धर.

आत्यांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. केमो श्रद्धा विचारून लागू पडत नाही. कॅन्सरच्या रुग्णांसाठी आध्यात्मिक स्वास्थ्याची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात श्रद्धा वेगळी मोजतात, आणि मनाची शांती व जगण्यातला अर्थ वेगळा. उदासी कमी असण्याशी जवळचं नातं दिसतं ते शांतीचं आणि अर्थाचं, नुसत्या श्रद्धेचं तितकं नाही. शिवाय आई त्याच्याशी भांडतेय म्हणजे बोलणं चालू आहे. जनाबाईंनी त्याला काय कमी शिव्या घातल्या?

अर्थाचं म्हणशील, तर तुम्ही सगळ्यांनी मायेपोटी तिच्या हातातली सगळी कामं काढून घेतलीत. ‘तू फक्त आराम कर’ हे दिवसातून दहादा ऐकलं की माणसाला आपण अडगळ वाटायला लागतो. लोणच्यात मीठ किती घालायचं ते तिलाच विचारा. तिला बसल्या जागी रागावू दे तुमच्यावर.

मंडळातल्या बायका बहुतेक काय बोलावं ते कळत नाही म्हणून येत नसतील. ‘काही लागलं तर सांगा’ यावर कोणीच काही सांगत नाही. एकीला म्हण, गुरुवारी दुपारी तास-दोन तास बसा, मी झोपते. (हो, तूही झोपायचं आहेस.) दोघी-तिघींना संध्याकाळी ओसरीवर हरिपाठ म्हणायला बोलाव. आई आत पडून ऐकेल, नाहीतर दार लाव म्हणेल. मग लाव. सर्दी-खोकला असलेलीला मात्र सरळ नाही म्हण. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात.

देवावरचा राग वेगळा आणि ‘आता जगणंच नको’ वेगळं. असं काही बोलली, किंवा पंधरा दिवस कशातच लक्ष लागेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि चहा थोडा कोमट करून, कानाच्या मोठ्या कपात दे. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो.

– मावशी