कार्ड बदललं, तर मॉनिटर वाया जाईल?

प्रश्न : सध्या एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे, दिवाळीत एनव्हिडियाचं घेईन. मॉनिटर मात्र आत्ताच हवाय. दुकानदार म्हणतो, ‘फ्रीसिंक’वाला एनव्हिडियावर चालत नाही. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : फ्रीसिंक ही एएमडीची पद्धत. कार्ड ज्या वेगाने फ्रेम, म्हणजे चित्रं पाठवेल, त्याला मॉनिटर आपला वेग जुळवतो, म्हणून चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसत नाही. २०१९च्या आधी विचारलं असतंत, तर दुकानदाराला मान दिला असता. त्या जानेवारीत एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) फ्रीसिंकची सोय दिली. जीटीएक्स १० मालिकेपासून पुढची कार्डं फ्रीसिंक मॉनिटरशी जुळतात. उलट अडचण जुन्या जी-सिंक मॉनिटरची. जी-सिंक ही एनव्हिडियाची तशीच पद्धत. त्यांच्यात एनव्हिडियाचं खास मॉड्यूल असतं. बहुतेकांवर एएमडीचं कार्ड लावलं की चित्र दिसतं, सिंक होत नाही. सेकंडहँड घेताना जपा.

खोक्यावरच्या नावापेक्षा रेंज विचारा, म्हणजे किती ते किती हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) सिंक चालतं ते. ४८ ते ७५ हर्ट्झवाला घेऊ नका. गेम ४८च्या खाली, समजा सेकंदाला ४० फ्रेमवर घसरला, की सिंक टिकवायला मॉनिटरने प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची, म्हणजे ८० हर्ट्झ. ते ७५ मध्ये बसणार कसे? ४८ ते १४४ मध्ये आरामात बसतात.

आणि केबल! मी स्वतः आठवडाभर फाटकं चित्र बघत कार्डाला शिव्या घातल्या. जोडली होती जुनी एचडीएमआय, आणि डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात थर्माकोलखाली तशीच गुंडाळलेली! तुम्ही डिस्प्लेपोर्टच लावा. मग मॉनिटरच्या मेन्यूतही फ्रीसिंक चालू करा, पुष्कळदा ते बंदच येतं.