शब्दचर्चा : ‘भूमिपुत्र’ म्हणजे ‘स्थानिक’ नव्हे

प्रश्न : वेगवेगळ्या देशांत बाहेरून आलेल्या लोकांकडे आणि वांशिक अल्पसंख्याकांकडे कसं पाहिलं जातं, यावर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. ‘इमिग्रंट’साठी परप्रांतीय लिहू, निर्वासित लिहू की स्थलांतरित? आणि तिथल्या मूळ लोकांना ‘भूमिपुत्र’ म्हटलं तर चालेल ना? (वडोदऱ्याहून एक वाचक)

उत्तर : ताई, पहिला भाग पटकन उरकतो. दुसऱ्या भागातलं ‘चालेल ना’ मला जास्त टोचलं आहे.

परप्रांतीय अजिबात लिहू नका. जर्मनीतला तुर्क कुठल्या प्रांताचा? आपल्याकडचे प्रांत 1950 साली राज्यघटनेबरोबर गेले, राज्यं आली. आता तो शब्द उरला आहे तो महसूल खात्यात आणि ‘पर’ लावून माणसाला हिणवण्यात. बडोदा संस्थानाचेच मुळी प्रांत होते : बडोदा, कडी, नवसारी, अमरेली. त्या हिशोबानं नवसारीहून बडोद्याला पोरीला भेटायला आलेला बाप परप्रांतीय ठरतो. 2018 मध्ये उत्तर गुजरातेतून हिंदीभाषक मजुरांना पळवून लावलं गेलं, तेव्हा गुजराती वर्तमानपत्रांतही हाच शब्द रोज छापून येत होता. आपल्या दोन्ही भाषांनी तो सारख्याच कडवटपणे वापरला आहे. तुमच्या लेखात त्याला जागा नको.

निर्वासित म्हणजे ज्याला हाकलून लावलं तो. निर् + वासित, कर्मणी रूप आहे ते. चांगल्या पगारासाठी टोरांटोला गेलेला तुमचा भाचा निर्वासित नाही, आणि बोटीतून इटलीच्या किनाऱ्याला लागलेला प्रत्येक माणूसही नाही. 1951च्या आंतरराष्ट्रीय करारानं व्याख्या करून ठेवली आहे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी साधार भीती असलेला, आणि त्यामुळे आपल्या देशाबाहेर असलेला माणूस. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. पण शब्दाचा अर्थ सहीवर अवलंबून नसतो. मराठी ‘निर्वासित’ सांगतो की त्याच्यावर काय गुदरलं, हिंदी ‘शरणार्थी’ सांगतो की तो काय मागतो आहे, गुजराती ‘निराश्रित’ सांगतो की त्याच्यापाशी काय उरलं नाही. फाळणीनंतर आपल्या वडोदऱ्याच्या वारसिया भागात येऊन राहिलेल्या सिंध्यांना हे तिन्ही शब्द ऐकावे लागले. आश्रयाचा अर्ज केलेला पण निकाल न लागलेला माणूस ‘आश्रयार्थी’. बाकी सर्वांसाठी ‘स्थलांतरित’ पुरेसा आहे, देशाची सीमा ओलांडल्याचं सांगायचंच असेल तर ‘आप्रवासी’. झालं.

आता भूमिपुत्र.

2024च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेले. त्या दिवसांत एका मराठी वाहिनीच्या पडद्यावर खालच्या पट्टीत ‘भूमिपुत्रांचा संताप’ असं सरकत होतं. इंग्लंडचे भूमिपुत्र! अहो, अँगल आणि सॅक्सन हे समुद्रापलीकडून आलेले लोक. पाचव्या शतकापासून त्यांनी तिथे वस्ती केली आणि आधीपासून राहणाऱ्या ब्रिटनांना स्वतःच्या भाषेत जो शब्द लावला, तो म्हणजे आजचं ‘वेल्श’. त्याचा अर्थ परका. आलेल्यांनी असलेल्यांना परकं म्हटलं आणि ते नाव आजही नकाशावर आहे. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका मुलखातले सोबती. इंग्रजी वाक्यातलं ‘मातीचे पुत्र’ उचलून सरसकट ‘भूमिपुत्र’ करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पण मला सांगायचं आहे ते ‘भूमिपुत्र’ शब्दाबद्दलच. संस्कृतात भूमिपुत्र म्हणजे मंगळ. आकाशातला लाल ग्रह. भौम, भूसुत, कुज, सगळी त्याचीच नावं. पत्रिका पाहणाऱ्या कुठल्याही गुरुजींना विचारा. उज्जैनचं मंगलनाथाचं देऊळ त्याचं जन्मस्थान मानतात, मंगळाची शांत करायला लोक लांबलांबून तिथे जातात. आणि हा भूमिपुत्र भूमीवर राहत तर नाहीच, तो जन्मभर बारा राशी फिरतो.

मग तो भूमीचा पुत्र कसा? शिवपुराणातली कथा माझ्या फार आवडीची आहे. सतीच्या वियोगानं शंकर तपाला बसले असताना त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब जमिनीवर पडला. त्याचं एक लालसर मूल झालं आणि ते रडू लागलं. तेव्हा पृथ्वी स्त्रीरूप घेऊन आली, तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि दूध पाजलं. शंकरांनी ते पाहिलं, तिच्यावर प्रसन्न झाले आणि म्हणाले, हा तुझ्याच नावानं ओळखला जाईल. म्हणून भौम. आता यातलं नातं नीट पाहा. मूल वरून पडलेलं, बाहेरचं. भूमीनं त्याला जन्म दिलेला नाही. तिनं त्याला पाजलं, एवढ्यावर तो तिचा पुत्र झाला. पहिल्यावहिल्या भूमिपुत्राचं पुत्रत्व दुधाचं आहे, रक्ताचं नाही. माझ्या मते शब्दाचा गाभा हाच आहे, आणि ज्या भूमीचं अन्न खाऊन माणूस वाढला तिचा तो भूमिपुत्र, दुसरी कसलीही अट या शब्दात नाही.

नवग्रहस्तोत्रातलं ‘धरणीगर्भसंभूतं’, म्हणजे पृथ्वीच्या गर्भातून जन्मलेला, लगेच माझ्यापुढे फेकलं जाईल, ठाऊक आहे. एका संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकांनी ते पूर्वी फेकलेलंच आहे. स्तोत्र ही स्तुती असते. तिथे एका समासात ग्रहाचं कूळ सांगून पुढे जायचं असतं. नातं कसं जडलं हे कथा सांगते, आणि शब्दाचा अर्थ लावताना मी कथेकडे जाणार. ज्यांना समासावर थांबायचं असेल त्यांनी खुशाल थांबावं.

दुसरा आक्षेप अथर्ववेदाचा. ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ हे भूमिसूक्तातलं वचन सभांमधून, फलकांवरून, निवडणुकीच्या पत्रकांवरून इतकं फिरलं आहे की ते पूर्ण वाचायची कुणाला गरजच वाटत नाही. त्याच मंत्राचा पुढचा चरण आहे : ‘पर्जन्यः पिता स उ नः पिपर्तु’. बाप पर्जन्य आहे! आई इथली आणि बाप दूर समुद्रावरून येणारा पाऊस. जूनमध्ये ज्यानं आभाळाकडे डोळे लावून वाट पाहिली आहे त्याला या चरणाचं भाष्य लागत नाही. बापाला गाळून नुसती आई म्हणणाऱ्यांनी मंत्र अर्धा केला आहे. आणि त्याच सूक्तात पुढे पंचेचाळिसावी ऋचा आहे : ‘जनं बिभ्रती बहुधा विवाचसं नानाधर्माणं पृथिवी यथौकसम्’. वेगवेगळ्या वाणीच्या, वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना, एका घरातली असावीत तशी धारण करणारी पृथ्वी. विवाचस् हा शब्द किती नेमका आहे पाहा : ज्यांचं बोलणं निरनिराळं ते. पंडित सातवळेकरांनी या सूक्ताला वैदिक राष्ट्रगीत मानलं. सूक्तात ‘राष्ट्र’ शब्द आहेच, त्यामुळे त्यांचं म्हणणं निराधार नाही, पण मला ते अपुरं वाटतं. स्वतः सातवळेकर औंध सोडून 1948 मध्ये गुजरातेत पारडीला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. एक मराठी माणूस गुजराती बोलणाऱ्यांच्या गावात बसून वेदांवर काम करत होता, विवाचसंचा अर्थ त्यांच्या अंगणातच होता. त्यांनी तो राष्ट्रापेक्षा वर ठेवायला हवा होता.

आपल्या गावापुरतं बोलायचं तर दुधाचं पुत्रत्व वडोदऱ्याला समजावून सांगावं लागू नये. सयाजीराव महाराज मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे, गोपाळराव. 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. याच संस्थानात 1906 पासून सर्व मुलांना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मिळालं, आणि महाराज परप्रांतीय होते असं म्हणण्याची हिंमत इथे कुणी करणार नाही. आपल्याला, म्हणजे दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांना, इथले जुने लोक ‘दक्षिणी’ म्हणत. माझ्या लहानपणी खंडेराव मार्केटमधली भाजीवाली आजीला ‘आवो, दक्षिणी बा’ म्हणून हाक मारायची आणि वजन झाल्यावर मूठभर कोथिंबीर वरून घालायची. त्या हाकेत दिशा होती, परकेपण नव्हतं. शेव-उसळीत उसळ कुणाची आणि शेव कुणाची, हे या शहरात कोण विचारतो?

आणखी एक गोष्ट. ‘भूमिपुत्र’ नावाचं गुजराती नियतकालिक याच वडोदऱ्यातून निघत आलं आहे. भूदान चळवळीतून जन्मलेलं, आणीबाणीत सेन्सॉरविरुद्ध गुजरातच्या उच्च न्यायालयात जाऊन जिंकलेलं. भूदानात भूमिपुत्र म्हणजे भूमीवर मालकी सांगणारा नव्हेच. हवा-पाण्यासारखी जमीन सर्वांची, असं विनोबा सांगत होते. ते विनोबाही गागोद्यात जन्मून बडोद्यात शिकलेले. या गावातल्या माणसानं तरी ‘भूमिपुत्र’ शब्द ‘चालते व्हा’ या अर्थानं लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता हा शब्द कायद्याच्या कामाला लावला की काय होतं, ते मलेशियात पाहायला मिळतं, आणि तुमच्या लेखाला ते फार उपयोगी आहे. मलय भाषेत आपलाच शब्द गेला : ‘बुमिपुतरा’. 1969च्या मे महिन्यात क्वालालंपूरला मलय आणि चिनी लोकांत दंगली झाल्या, आणि 1971 पासून नव्या आर्थिक धोरणात बुमिपुतरांसाठी कंपन्यांच्या भांडवलात 30 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं. गंमत म्हणजे त्यांच्या राज्यघटनेत हा शब्द नाही. 153वं कलम मलय लोकांच्या आणि साबा-सारावाक या राज्यांतल्या मूळ रहिवाशांच्या खास स्थानाबद्दल बोलतं, आणि ‘मलय’ कोण ते 160वं कलम सांगतं. जन्माच्या अटीबरोबर तिथे आणखी तीन अटी आहेत : इस्लाम धर्म पाळणारा, नेहमी मलय भाषा बोलणारा, मलय रीतिरिवाजानं चालणारा. वाणी आणि धर्म! सूक्तातली भूमी जे दोन भेद पोटात घेते, नेमक्या त्याच दोहोंवर इथे भूमीचा पुत्र कोण हे ठरतं. रबराच्या मळ्यांत ज्याच्या पिढ्या खपल्या तो तमिळ मजूर त्यात बसत नाही. संस्कृत शब्दानंच भारतीय वंशाच्या माणसाला बाहेर ठेवलं आहे. शेजारच्या इंडोनेशियात ‘प्रिबुमी’ हा भावंडशब्द होता. 1998 मध्ये चिनी वस्त्यांची जाळपोळ झाली, त्यानंतर राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी तो सरकारी कामकाजातून काढायचा हुकूमच काढला.

युरोपातही एक दूरचा भाऊबंद आहे. डच सरकार 2016 पर्यंत ज्याचे आईबाप दोघे किंवा एक परदेशात जन्मले त्याला ‘अलोख्तोन’ म्हणे, म्हणजे अन्य भूमीचा. यातला ग्रीक ‘ख्थोन’ आणि आपली ‘क्ष्मा’ एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ पृथ्वी. व्याख्या काटेकोर लावली तर खुद्द राजे विल्यम-अलेक्झांडर अलोख्तोन ठरतात, कारण वडील जर्मनीत जन्मलेले. पण बोलीभाषेत तो शब्द मोरोक्कन आणि तुर्की पोरांनाच चिकटला, राजाला कधी नाही. शेवटी सरकारी आकडेवारीतून तो काढावा लागला. जर्मनीनं 1961च्या करारानं तुर्की मजूर बोलावले आणि त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं. पाहुणा म्हटला की तो जाणार हे गृहीतच. त्यांची तिथे जन्मलेली मुलं जन्मानं नागरिक होऊ शकतील असा कायदा लागू व्हायला 2000 साल उजाडलं.

‘वांशिक’बद्दल राहिलंच. तुर्क, कुर्द, रोमा यांच्या बाबतीत भाषा, रीत आणि स्मृती या सगळ्यांचा मिळून गट होतो, नुसत्या वंशाचा नाही. रूढ झाला आहे म्हणून ‘वांशिक अल्पसंख्याक’ लिहा, पण एकदा तरी खुलासा करा. आपल्या घटनेचं 30वं कलम भाषेवरून आणि धर्मावरून अल्पसंख्य मानतं, आणि 2002च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तो हिशोब राज्यवार होतो. म्हणजे गुजरातेत तुम्ही-आम्ही भाषिक अल्पसंख्याक आहोत. लेखात हे वाक्य जरूर घाला.

मूळच्या लोकांसाठी ‘स्थानिक’ लिहा, बहुसंख्य असतील तर ‘बहुसंख्य’, आणि वसाहतीपूर्वीपासूनचे असतील तर ‘आदिवासी’ किंवा ‘मूळ रहिवासी’. ‘भूमिपुत्र’ फक्त मलेशियाच्या परिच्छेदात येऊ द्या, तोही अवतरणचिन्हांत, कारण तिथे तो सरकारी व्यवहारातला शब्द आहे.