मागचे बुश : रबर घालावं की पॉलियुरेथेन?

प्रश्न : माझ्याकडे अठरा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. गतिरोधक ओलांडताना मागून 'ठक्' असा एकच दणका येतो. वेगात वळण घेताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर गाडीची मागची बाजू क्षणभर स्वतःच्या मनाने वळल्यासारखी वाटते. मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले, पण फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो, मागच्या ॲक्सलचे बुश, म्हणजे ॲक्सल गाडीला जोडणारे रबरी सांधे, गेलेत आणि बदलतोच आहोत तर पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, टाकू, पुन्हा बघायला नको. मित्र म्हणतो, तसं केलंस तर मागच्या सीटवर कुणी बसणार नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : रोग मेकॅनिकने बरोबर ओळखलाय. औषधाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या मित्राच्या बाजूला झुकतो, कारण वेगळं असलं तरी.

तुमच्या पत्रात मला दणक्यापेक्षा ते वळणावरचं वागणं जास्त बोलकं वाटलं. शॉक संपला की गाडी डुलते, चाक उसळत राहतं, पण ती आपली दिशा सहसा सोडत नाही. पाय काढल्यावर वजन पुढे झुकतं, मागच्या ॲक्सलवरचा जोर बदलतो आणि बुश सैल असले तर अख्खा ॲक्सल किंचित तिरका होतो. म्हणजे मागची चाकंही स्टिअरिंग करू लागतात, तेही तुम्हाला न विचारता. टायरची आतली कड एका बाजूने खाल्ली गेली असेल, तर संशय आणखी पक्का.

तरी आधी डोळ्यांनी बघाच. गाडी मजबूत स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. बुशच्या बाजूला पहार घालून ॲक्सलची बाही (आर्म) हळू रेटा आणि नजर रबरावर ठेवा. वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबराला पडतातच, त्यांनी घाबरू नका. रबर जिथे लोखंडी नळीला चिकटलेलं असतं, ती कड बघायची. रेटल्यावर तिथे फट उघडत असेल तर बुश गेला. काळा भुसा साचलेला असेल, किंवा ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला लोखंड घासून चकाकत असेल, तर पहार घालायचीही गरज नाही.

आता रबर की पॉलियुरेथेन. रबरी बुशमध्ये काहीच घसरत नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेली, बाहेरची नळी ॲक्सलमध्ये दाबून बसवलेली आणि मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं. चाक वरखाली झालं की रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला वंगण लागत नाही. पॉलियुरेथेनचा बुश बहुधा चिकटवलेला नसतो, तो नळीवर फिरतो. एका अक्षाभोवती फिरायचं असेल तर ते काम तो झकास करतो.

तुमच्या गाडीला मागे बहुतेक ट्विस्ट बीम असणार, म्हणजे दोन्ही चाकांच्या बाह्या जोडणारा, पिळला जाऊ शकणारा आडवा दांडा. छोट्या हॅचबॅकमध्ये तोच जास्त आढळतो. फोक्सवॅगनच्या १९७४ च्या गोल्फने ही रचना लोकप्रिय केली. यात एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की बीम पिळला जातो आणि बाह्यांच्या पुढच्या टोकांचे दोन बुश फिरण्याबरोबर तिरकेही होतात. त्यासाठीच बऱ्याच बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात : एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला ताठ. १९८३ च्या गोल्फमध्ये तर वळणावरच्या बाजूच्या जोराने ॲक्सल बाहेर वळू नये, एवढ्यासाठी खास आकाराचे बुश दिले होते. एवढा विचार करून केलेल्या वस्तूच्या जागी सगळीकडून सारखाच ताठ गोळा ठोकला, तर बीमला तिरकं व्हायला जागाच उरत नाही. तो जोर मग ब्रॅकेटवर जातो, रस्त्याचा आवाज आत येतो आणि अठरा वर्षांच्या पत्र्याला नवं काम मिळतं.

कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. रबरी बुश साधारण ५० ते ७०, पॉलियुरेथेनचे बरेचसे ८० ते ९५. पण तुम्ही तुलना करताय ती मेलेल्या रबराशी, हे विसरू नका. मूळ दर्जाचे नवे रबरी बुश घातले तरी गाडी इतकी सरळ चालेल की आणखी कडक काही हवं असं वाटणार नाही. पॉलियुरेथेन घालायची हौसच असेल तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) बुशला घाला. तिथे फायदा जास्त, त्रास कमी.

बुश काढण्याआधी त्यावरचा बाण किंवा खाच कोणत्या दिशेला आहे याची बाहीवर खूण करा. पोकळ्यांची दिशा चुकली तर नवा बुशही चुकीचं वागेल. रबर जाळून काढू देऊ नका, त्याचा धूर घातक असतो. बाहेरची नळी हॅक्सॉ ब्लेडने आतून कापता येते, फक्त बाहीच्या लोखंडाला ब्लेड लागायच्या आत थांबायचं. नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या नळीवरच हवा. आतल्या नळीवर दाब दिला तर चिकटवलेलं रबर गाडीत बसण्याआधीच सुटतं. घसरण्यासाठी साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल नको, तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. बीम खाली सोडताना तो ब्रेकच्या होजवर लोंबकळणार नाही एवढं बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : मधला बोल्ट गाडी लोंबकळत असताना शेवटचा आवळायचा नाही. आधी हातानेच लावा. मग बीमखाली जॅक देऊन, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी रस्त्यावर उभी असताना असतं तेवढं करा आणि तेव्हा टॉर्क रेंचने आवळा. वर टांगलेल्या अवस्थेत आवळलात, तर रबर त्या स्थितीला 'सरळ' समजतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवे बुश 'टिकत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो : बोल्ट आवळला तेव्हा गाडी कुठे होती? तुमच्या मेकॅनिकलाही काम देण्याआधी हेच विचारा. उत्तर देताना तो गोंधळला तर दुसरा शोधा.

शेवटी व्हील अलाइनमेंट, मागच्या चाकांच्या मापासह. ट्विस्ट बीमवर ते बहुधा जुळवता येत नाही, पण आकडे बघितले की बीम वाकलाय का ते कळतं.

प्रश्न : मागच्या आर्मला पॉलियुरेथेनचे बुश बसवून घेतले. हल्ली प्रत्येक खड्ड्यात चूं-चूं होतं. गॅरेजवाला दर वेळी स्प्रे मारतो, थोडे दिवस गप्प, मग पुन्हा तेच. गाडी मागून उंचावल्यासारखीही वाटते.

उत्तर : स्प्रे बंद करा. पातळ फवाऱ्याने आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. बुश उघडा, नळी पुसा, गंज असेल तर घासून गुळगुळीत करा आणि पाण्याने न निघणारं घट्ट सिलिकॉन ग्रीस आतून भरपूर लावा. त्यात कंजुषी नको.

पण उंचावणं मला जास्त खटकतंय. आतली नळी बुशपेक्षा केसभर लांब असायला हवी, म्हणजे बोल्ट नळीला आवळतो आणि बुश मोकळा फिरतो. नळी आखूड असेल तर बोल्ट बुशलाच चिमटतो. शॉक आणि स्प्रिंग सोडून आर्म हाताने वर नेऊन सोडा. आपल्या वजनाने तो खाली आला पाहिजे. तिथेच अडकून राहिला तर ग्रीसचा उपयोग नाही, नळ्या बदलून मागा.

प्रश्न : एकाच बाजूचा बुश फाटलाय. दुसरा बरा दिसतो. एकच बदलला तर चालेल?

उत्तर : नाही. दोन्ही.

प्रश्न : मागच्या सबफ्रेमच्या (चाकांचे आर्म ज्यावर बसतात त्या चौकटीच्या) रबरी बुशमधून काळपट द्रव गळतोय. गॅरेजमध्ये म्हणाले, वरून कुठूनतरी तेल पडत असेल. रबरात कुठलं आलंय तेल?

उत्तर : काही गाड्यांत थरथर शोषायला रबराच्या आतच द्रव भरलेला असतो. असा बुश गळला म्हणजे फाटला. तो पुन्हा भरता येत नाही, तसाच द्रवाचा नवा आणा. त्या जागी साधा रबरी बुश बसतो असं कुणी म्हणालं, तर आधी गाडीच्या मॅन्युअलमधला पार्ट नंबर जुळवून बघा.