जर्मनीला जायचे ठरले. पण विद्यापीठ कोणते?

जर्मनीतील उच्च शिक्षणाविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत गावे, शाखा आणि गुण वेगवेगळे असले तरी मूळ विचारणा एकच आहे: चांगले विद्यापीठ कोणते? या प्रश्नाला एखादे नाव सांगून उत्तर देणे मी टाळतो. पात्रतेच्या अटी, अर्जाची अंतिम तारीख, शिकवण्याची भाषा आणि काही ठिकाणी शुल्कसुद्धा जर्मनीत अभ्यासक्रमागणिक बदलते. एकाच विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमाला सहज पात्र ठरणारा विद्यार्थी शेजारच्या इमारतीतील दुसऱ्या अभ्यासक्रमाला अपात्र ठरू शकतो. पुढील उत्तरे हे ध्यानात ठेवून वाचावीत.

प्रश्न : मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी ७.४ सीजीपीएने मिळवली आहे. 'टीयू नाइन'मधील विद्यापीठ मिळाले तरच जर्मनीला जावे, असे सगळे सांगतात. क्यूएस क्रमवारीत म्युनिक सर्वांत वर दिसते. तेथेच प्रयत्न करावा का? (पुणे)

'टीयू नाइन' ही सरकारने दिलेली श्रेणी नाही. आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हॅनोव्हर, कार्ल्सरुह, म्युनिक आणि श्टुटगार्ट येथील नऊ तांत्रिक विद्यापीठांनी आपापसांत स्थापन केलेली ती संघटना आहे. नऊही संस्था नामांकित आहेत यात शंका नाही. मात्र संघटनेबाहेरचे सारे दुय्यम, असा अर्थ जर्मनीतील कारखानदारही काढत नाहीत. क्यूएस क्रमवारीचे म्हणाल, तर तिच्या एकूण गुणांपैकी ३० टक्के प्राध्यापकवर्गातील नावलौकिकाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधील नावलौकिकाला असतात, म्हणजे जवळजवळ निम्मे गुण जगभरातील लोकांची मते मागवून ठरतात. त्यातून संस्थेची कीर्ती कळते, पण तुमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला काय शिकवले जाते, हे कळत नाही. ज्यांना एखाद्या सरकारी परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे, त्यांनी क्रमवारी जरूर पाहावी, कारण अशा काही योजनांत ती पात्रतेची अटच असते. इतरांनी तिला एवढा मान देण्याचे कारण नाही.

तुमच्या बाबतीत आधी गुणांचा हिशेब करावा लागेल. भारतीय गुण जर्मन श्रेणीत बदलण्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, बाकीला कमाल गुण आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, उत्तराची तिप्पट करायची आणि त्यात १ मिळवायचा. कमाल १० आणि किमान ४ धरल्यास तुमच्या ७.४ चे २.३ होतात, किमान ५ धरल्यास तेच जवळपास २.६ होतात. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, हे पाहिले म्हणजे किमान गुणांचा हा एक आकडा तुम्हाला आत घेऊ शकतो किंवा बाहेर ठेवू शकतो, हे लक्षात येईल. म्हणून उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी स्पष्टपणे नमूद करणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद अर्जासोबत जोडा. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला तो तक्ता छापलेला असेल, तर ती बाजूही स्कॅन करा. ही मागची बाजू विसरणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.

दुसरा हिशेब पैशांचा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले असून मास्टर्ससाठी ते अभ्यासक्रमानुसार दर सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. काहींना माफी मिळते, पण ती मिळेलच असे गृहीत धरून घरचा हिशेब मांडू नये. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात २०१७ पासून अशाच विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला १,५०० युरो आकारले जातात, आणि कार्ल्सरुह व श्टुटगार्ट ही दोन्ही त्याच राज्यात येतात. म्हणजे 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य तुम्ही ज्या नऊ नावांवर अडून बसला आहात, त्यांतील तिघांना सरसकट लागू होत नाही.

मग निवड कशावरून करायची? प्रत्येक अभ्यासक्रमाचे मॉड्यूल हँडबुक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवलेले असते. त्यात प्रत्येक विषयाचा आशय, क्रेडिट, परीक्षेचे स्वरूप आणि शिकवणाऱ्या विभागाचे नाव असते. शे-दीडशे पाने वाचायचा कंटाळा येतो हे मान्य आहे; पण दोन वर्षांचे आयुष्य आणि वडिलांची ठेव ज्यावर लावायची, ते वाचायला एक रविवार द्यावा. त्याच्या जोडीला परीक्षांची नियमावलीही वाचा. आपल्याकडे विषय राहिला तर 'एटीकेटी' घेऊन पुढे जाता येते. जर्मनीत एका परीक्षेसाठी बहुधा तीनच संधी मिळतात, आणि अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. इतकेच नव्हे, तर त्याच विषयाच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा प्रवेश मिळत नाही. गणिताची बाजू कच्ची असलेल्या विद्यार्थ्याने अत्यंत सैद्धान्तिक अभ्यासक्रम केवळ नावासाठी घेऊ नये, असे मी सांगतो ते यासाठीच.

प्रश्न : माझ्या मुलीसाठी एका कन्सल्टन्सीने बर्लिनमधील एका खासगी संस्थेचे प्रवेशपत्र आठवड्याभरात आणून दिले. वर्षाचे शुल्क सुमारे १२,००० युरो आहे. सरकारी विद्यापीठे भारतीयांना घेत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. पहिला हप्ता भरावा का? (नाशिक)

सरकारी विद्यापीठे भारतीयांना घेत नाहीत, हे विधान साफ खोटे आहे. जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांमध्ये सरकारी विद्यापीठांत शिकणारे भरपूर आहेत. असे का सांगितले गेले असावे, याचा अंदाज आपण बांधू शकता: सरकारी विद्यापीठे सहसा एजंटांना कमिशन देत नाहीत, तर अनेक खासगी संस्था देतात. म्हणूनच सल्ला 'मोफत' असतो.

याचा अर्थ प्रत्येक खासगी संस्था टाकाऊ आहे, असा नव्हे. डब्ल्यूएचयू किंवा फ्रँकफर्ट स्कूल या व्यवस्थापनशास्त्राच्या खासगी संस्थांना जर्मनीत मान आहे. मात्र तेथील प्रवेश आठवड्याभरात घरी येत नाही. प्रवेश जितका झटपट, तितकी चौकशी सावकाश करावी. हप्ता भरण्यापूर्वी तीन गोष्टी आपण स्वतः, कन्सल्टन्सीच्या मध्यस्थीशिवाय, तपासाव्यात. संस्थेला त्या राज्याची मान्यता आहे का आणि 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात तिच्यापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे का, हे पाहावे. जो अभ्यासक्रम घ्यायचा, तो प्रमाणित असल्याची नोंद जर्मन प्रमाणन परिषदेच्या यादीत आहे का, हे पाहावे. संस्था मान्य असणे आणि अभ्यासक्रम प्रमाणित असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे वर्ग प्रत्यक्ष भरतात की बहुतांश ऑनलाइन, हे लेखी विचारावे. विद्यार्थी व्हिसा प्रत्यक्ष हजर राहून शिकण्यासाठी दिला जातो, आणि अभ्यासक्रम दूरशिक्षणासारखा आहे असे अधिकाऱ्यांचे मत झाले, तर अडचण संस्थेला नव्हे, आपल्या मुलीला येईल. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे कराराच्या मजकुरात शोधावे; तोंडी आश्वासन धरू नये.

दरम्यान मुलीने सरकारी विद्यापीठांत स्वतः अर्ज करावेत. 'युनि-असिस्ट' या सामाईक अर्जकेंद्राकडे पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढील प्रत्येक अर्जाचे ३० युरो पडतात. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, काढावे लागेल. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ते आवश्यक आहे आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. मागितलेल्या पहिल्या हप्त्याच्या मानाने ही सगळी रक्कम किरकोळ आहे.

प्रश्न : मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला गेलो आणि सध्या एका फाउंड्रीत काम करतो. 'होखशुले'ची पदवी विद्यापीठापेक्षा कमी दर्जाची असते का? (कोल्हापूर)

येथे होखशुले म्हणजे उपयोजित विज्ञान शिकवणारी उच्च शिक्षण संस्था. कायद्याने दोन्हींचा मास्टर्स समान पातळीवर आहे. फरक आहे तो वळणाचा. उपयोजित विज्ञानाच्या होखशुलेत प्राध्यापक होण्यासाठी साधारणतः पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यांपैकी तीन वर्षे विद्यापीठीय जगाबाहेर काढलेली असावी लागतात. वर्ग लहान असतात आणि प्रबंध बहुधा एखाद्या कंपनीत केला जातो. ज्याने भट्टीसमोर उभे राहून काम केले आहे, त्याला हे वातावरण परके वाटू नये. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर मात्र विद्यापीठ सोयीचे. होखशुलेच्या मास्टर्सनंतर पीएच.डी.ला जाता येते, आणि हेसेन राज्याने २०१६ पासून काही होखशुलेंना स्वतः ती देण्याचा अधिकारही दिला आहे. तरीही वाट अरुंद आहे. तुमच्या पत्रात संशोधनाचा उल्लेखही नाही, म्हणून मी तुम्हाला होखशुलेच सुचवेन. काही ठिकाणी कामाच्या अनुभवाचे गुण धरतात, त्यामुळे फाउंड्रीचे अनुभवपत्र इंग्रजीत आणि कामाच्या तपशिलासह घ्या.

प्रश्न : मी गोवा विद्यापीठात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायचे आहे. कोणती विद्यापीठे पाहू? (मडगाव)

विद्यापीठे पाहण्याआधी तुमची गुणपत्रिका पाहू. जर्मनीतील बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रम पदवीच्या विषयाला जोडलेले असतात, आणि डेटा सायन्ससाठी गणित, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र यांची ठरावीक क्रेडिट मागितली जातात. बी.कॉम.मध्ये ती पुरेशी भरत नाहीत, आणि ऑनलाइन प्रमाणपत्रांनी ही तूट सहसा भरून निघत नाही. शिवाय युरोपीय मोजणीत एका वर्षाची ६० क्रेडिट धरतात, म्हणून तीन वर्षांच्या पदवीची फार तर १८० होतात. ज्या मास्टर्सना २१० लागतात, ते तुमच्यासाठी बंद आहेत. तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात. व्यवसाय-विश्लेषण किंवा वित्त यांसारखा वाणिज्याला जवळचा अभ्यासक्रम निवडावा. अथवा नव्या शैक्षणिक धोरणातील चौथे ऑनर्स वर्ष करून त्यात संख्याशास्त्राचे जितके विषय घेता येतील तितके घ्यावेत. दुसऱ्या वाटेने वर्ष जाते, पण दरवाजे वाढतात.

प्रश्न : मुलाने यंदा बारावी विज्ञान केली आहे. थेट जर्मनीत बी.टेक.सारखे शिक्षण घेता येईल का? (लातूर)

केवळ बारावीच्या बळावर सहसा नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक शाखांना थेट प्रवेशाची पात्रता मिळते. नाही तर येथे पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच शाखेत अर्ज करावा किंवा तेथील 'श्टुडिएनकोलेग' या दोन सेमिस्टरच्या पूर्वतयारी वर्गात जावे. त्या वर्गाची प्रवेश परीक्षा जर्मन भाषेत असते आणि पदवीचे बहुतेक शिक्षणही जर्मनमध्येच होते. मुलाचे जर्मन अजून सुरूच झाले नसेल, तर विद्यापीठांची यादी बाजूला ठेवून आधी भाषेचा वर्ग शोधावा.

प्रश्न : इलेक्ट्रिकलच्या मास्टर्ससाठी मला श्टुटगार्ट आणि माग्डेबुर्ग या दोन्ही विद्यापीठांची प्रवेशपत्रे आली आहेत. शैक्षणिक कर्ज घ्यावे लागणार आहे. माग्डेबुर्गला इंटेलचा कारखाना येणार असल्याने तेथे नोकऱ्या मिळतील, असे ऐकले. (छत्रपती संभाजीनगर)

ऐकलेली बातमी शिळी आहे. इंटेलने २०२२ मध्ये माग्डेबुर्गच्या प्रकल्पाची घोषणा केली, २०२४ मध्ये तो पुढे ढकलला आणि जुलै २०२५ मध्ये रद्द केला. यायच्या कारखान्याच्या भरवशावर शहर निवडू नये. उभा असलेला उद्योग पाहावा. त्या दृष्टीने श्टुटगार्टचे पारडे जड आहे, कारण बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांचे मुख्य व्यवहार तेथूनच चालतात. मात्र तेथे चार सेमिस्टरचे ६,००० युरो शुल्क आहे आणि घरभाडेही माग्डेबुर्गपेक्षा पुष्कळ जास्त आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवावयाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दोन्ही शहरांसाठी सारखेच. पण माग्डेबुर्गमध्ये त्यात महिना निभावतो, श्टुटगार्टमध्ये ओढाताण होते. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, तरी पहिल्या सेमिस्टरमध्ये त्या कमाईवर विसंबू नये.

माझा कल तुमच्या जर्मन भाषेवर ठरेल, आणि त्याविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. इंग्रजी माध्यमातून मास्टर्स पुरा करता येतो. पण पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या १८ महिन्यांत मुलाखती बहुधा जर्मनमध्ये होतात. बी वन, म्हणजे जर्मन भाषेची मध्यम पातळी, हाती असेल, तर श्टुटगार्टचे जादा कर्ज घ्यायला हरकत नाही, कारण तेथील कंपन्यांत शिकतानाच शिरकाव होऊ शकतो. ती नसेल, तर माग्डेबुर्ग घ्या, वाचलेल्या पैशांतून भाषेचे वर्ग लावा आणि सहा महिन्यांचा प्रबंध दुसऱ्या शहरातील कंपनीत करण्याची मुभा परीक्षा-नियमावलीत आहे का, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वी विभागाला ई-मेल करून विचारा.