जुन्या गाडीत ब्लूटूथ बसवताय? आधी अर्थिंग बघा

सेट घ्यायची घाई नको. आधी मल्टिमीटर लावा आणि बॅटरीची कोणती तार बॉडीला गेलीय ते पाहा. पद्मिनी असेल तर १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार बॉडीला), काम सोपं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बरेचदा पॉझिटिव्ह अर्थ सापडतो, जुन्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्ट. तिथे आजचा सेट सरळ जोडलात तर जळलाच समजा. तसं निघालं तर थांबा, विचारा.

बाकीच्यांना सीटखाली छोटा २० वॉटचा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर पुरतो. डॅशबोर्डला भोकं पाडू नका, कृपा करा.

- लाइव्ह तार थेट बॅटरीवरून, २.५ चौरस मिमी. टर्मिनलपासून वीतभरात १० अँपिअरचा फ्यूज. हॉर्न किंवा लाइटच्या तारेतून सप्लाय घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तिथलं जुनं इन्सुलेशन आधीच कडक झालेलं असतं.
- मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (चावी बंद केली की सप्लाय तोडणारा स्विच), नाहीतर रात्रीत बॅटरी उतरून सकाळी धक्का मारावा लागेल.

खरी डोकेदुखी अर्थची, म्हणजे ॲम्प्लिफायरची निगेटिव्ह तार बॉडीला जोडता त्या जागेची. आपल्याकडे, मालवण काय नि रत्नागिरी काय, खारी हवा सांध्यात शिरते. रंग खरवडून पत्रा चकचकीत होईस्तोवर पॉलिश पेपर मारा, रिंग टर्मिनल घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. तारा पिळून टेप गुंडाळलीत तर पावसाळ्यानंतर आत हिरवं तांबं दिसेल. क्रिंप करून (जोड पकडीने दाबून) हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

रेस दिल्यावर स्पीकरमधली शिट्टी चढत गेली तर फिल्टर आणायला धावू नका, हाच अर्थ पुन्हा घासा. आणि डायनमोची (अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या जनरेटरची) गाडी आयडलला बॅटरी जवळपास चार्ज करत नाही, तेव्हा फाटकावर थांबलात की गाणी बंद करा.